दोन डावे पंख

एखाद्या माणसाशी बोललेलं पहिलं वाक्य पुढे आपल्याला सारखं ऐकवलं जातं, हे आधी ठाऊक असतं तर मी जरा बरं काहीतरी बोलले असते. रूफसला मी पहिल्यांदा म्हणाले, "श्वास घेऊ नका."

त्याचं असं झालं. जानेवारीतला गुरुवार होता. बाहेर लीसेस्टरशायरचा नेहमीचा पाऊस, पडतोय की नुसता उभा आहे ते न कळणारा. आत गावच्या हॉलमध्ये आमच्या क्लबची संध्याकाळ रंगात आली होती. आम्ही रबरावर उडणारी विमानं बनवतो. खऱ्या विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रती, बाल्सा लाकडाच्या काड्या आणि वरून पतंगाहून पातळ कागद. एका विमानाचं वजन साधारण मूठभर मनुकांएवढं. त्यामुळे आमच्याकडे दार उघडणं हा गुन्हा आहे. दारातून आलेली झुळूक म्हणजे आमचं वादळ. ज्याला बाथरूमला जायचं असेल त्याने हवेतली सगळी विमानं उतरेपर्यंत थांबायचं. आमचा डेझमंड शहात्तर वर्षांचा आहे, पण त्याचा संयम बघण्यासारखा आहे.

आणि दार उघडलं.

"दार!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

दार धाडकन बंद झालं आणि एक माणूस आत अडकला. ओली छत्री, ओला लोकरी कोट, चेहऱ्यावर आपल्या हातून कुणीतरी मेलं असावं असा भाव. माझ्या पिवळ्या पायपर कब विमानाने झुळुकीबरोबर आपली वाट सोडली, हॉल तिरका कापला आणि ते सरळ त्याच्या खांद्यावर जाऊन बसलं. प्रोपेलर कानाशी टक… टक… टक करत राहिला.

तेव्हा मी ते वाक्य म्हणाले.

आणि त्याने खरंच श्वास घेतला नाही! मी सावकाश चालत गेले. पळालं तर त्याचाही वारा होतो. मी पोचेपर्यंत तो गुलाबीचा जांभळा झाला होता. मी विमान अलगद उचललं.

"आता घ्या."

"थँक यू," तो धापा टाकत म्हणाला. "मी… पाव शिकायला आलो होतो. आंबट पिठाचा."

"तो वर्ग मंगळवारी असतो."

"अच्छा." पण तो हलला नाही. विमानाकडे बघत राहिला. "हे चालतं कशावर?"

"रबरावर."

"म्हणजे इंजिन—"

"रबर."

"आणि रबर संपल्यावर?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, रिमोट कुठाय.

"संपल्यावर ते थोडा वेळ विचार करतं," मी म्हणाले, "आणि मग उतरतं."

तो हसला. पण हसताना त्याने तोंड बाजूला वळवलं, विमानावर फुंकर जाऊ नये म्हणून. मी दिवसभर गावातली बस चालवते. माझ्या तोंडावर खोकणारी माणसं मी रोज शेकड्याने बघते. तोंड वळवून हसणारा हा पहिलाच.

इतक्यात मिसेस पेल आल्या. क्लबच्या सेक्रेटरी, गळ्यात स्टॉपवॉच, हातात बिस्किटांचा डबा. "थांबणार की जाणार? दार एकदाच उघडेन."

"थांबतो," रूफस म्हणाला. पाव राहिला तो राहिलाच.

आमच्या क्लबचा एक नियम आहे. नव्या माणसाला एक हिवाळा मिळतो. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी त्याने स्वतः बांधलेलं विमान हॉलला निदान एक पूर्ण फेरी मारून आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढच्या हिवाळ्यात जागा नाही. मिसेस पेलच्या मते हॉलमधली हवा मोजकीच आहे, ती कुणालाही वाटता येत नाही.

रूफसने पस मॉथ निवडलं. तीसच्या दशकातलं, डोक्यावर पंख असलेलं, बिनतक्रारीचं विमान. दोन आठवड्यांनी तो बुटाचं खोकं घेऊन आला. बाजारचौकातल्या बुटांच्या दुकानात तो काम करतो, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य बुटांच्या खोक्यांत असतं. झाकण उघडलं. निळ्या कागदाचे दोन सुंदर पंख.

मी दोन्ही पंख शेजारी शेजारी ठेवले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"छान झालेत. दोन्ही डावे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे हा डावा आहे. आणि हाही डावाच आहे."

त्याने एक पंख फिरवून पाहिला. मागचं पुढे झालं. पालथा केला, पोट वर आलं. मग तो त्या पंखाकडे असा बघत राहिला, जणू तो आपणहून काहीतरी कबूल करेल.

"तुम्ही बुटांच्या दुकानात काम करता ना?" मी विचारलं.

"हो."

"दिवसभर डाव्या-उजव्याचे जोड लावता."

"बूट कळतात हो," तो हताशपणे म्हणाला. "ते पायात जातात."

खरं तर ही चूक आमच्यात नवी नाही. जुन्या आराखड्यांवर कागद वाचवायला एकच पंख काढलेला असतो. आराखड्यावर काड्या टाचण्यांनी रोवून तो बांधायचा. दुसऱ्या बाजूचा हवा असेल तर कागदाला स्वयंपाकाचं तेल चोळायचं. रेघा आरपार दिसू लागतात. मग कागद उलटा करायचा आणि त्यावर बांधायचं. मी हे सगळं त्याला समजावलं, हातवारे करून. तो माझ्या हातांकडे बघत होता. आराखड्याकडे कमीच.

"एवढ्याशा हलक्या गोष्टीला एवढे नियम?"

"हलकी म्हणूनच."

पुढच्या खेपेला त्याच्या बोटांना सूर्यफुलाच्या तेलाचा वास होता, आणि खोक्यात तिसरा डावा पंख.

"तेल लावल्यावर कागद दोन्हीकडून सारखाच दिसायला लागला," त्याने निरागसपणे सांगितलं. "पुन्हा एकदा समजावतेस?"

त्या वाक्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, निदान तसं दाखवलं तरी. मी पुन्हा समजावलं. मार्चच्या सुरुवातीला चौथा डावा आला. डेझमंडने चष्मा काढून तो पाहिला आणि म्हणाला, "पोरा, शेजारी नुसते उजवे पंख करणारा कुणी भेटतो का बघ. जमून जाईल."

सगळे हसले. मीही हसले. पण बस चालवताना मला सारखं वाटू लागलं की हा माणूस मार्चच्या शेवटी जाणार. त्याला सांगावं, "हॉलच्या बाहेर कुठेतरी कॉफी घेऊ या." एवढं साधं वाक्य! पण मूठभर मनुकांपेक्षा जड काही मला उचलवत नाही. शब्दांचंही तसंच.

म्हणून मी घरी गेले, त्याच आराखड्याची प्रत टेबलावर पसरली, तेल चोळलं, उलटी केली आणि एक उजवा पंख बांधला. निळा कागद माझ्याकडे नव्हता. पिवळा लावला.

हे सरळसरळ लबाडी करणं होतं. नियम म्हणतो, विमान स्वतः बांधलेलं हवं. मी तो पंख केकच्या डब्यात ठेवला आणि ठरवलं, त्याचा उजवा तयार असेल तर हा डबा उघडायचाच नाही. आत केक आहे म्हणायचं. कुणी मागितला तर जळला म्हणायचं.

मार्चचा शेवटचा गुरुवार. रूफस आला तो रडवेला होऊन. बुटाचं खोकं उघडलं. आत तपकिरी बूट, नवेकोरे.

"मी उजवा बनवला होता," तो म्हणाला. "खरंच! काल रात्री पुरा झाला. दुकानात काउंटरखाली ठेवला होता. दुपारी मी जेवायला गेलो, आणि…"

"आणि?"

"दुकानातल्या मुलीने तो एका गृहस्थाला विकला."

"पंख?"

"खोक्यावर आठ नंबर लिहिला होता. त्याला हेच आठ नंबरचे बूट हवे होते."

मी त्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. मघापासून ते माझ्याकडेच बघत होते.

"बाकीचं विमान आहे?"

"आहे. दुसऱ्या खोक्यात. एका पंखाचं."

मी डबा उघडला.

त्याने पिवळा पंख पाहिला, मग मला पाहिलं. पंखाच्या खालच्या बाजूला माझं नाव, ब्रायोनी, आणि फोन नंबर होता. आमच्यात ही रीत आहे. मैदानात विमान उडून गेलं तर सापडणाऱ्याने परत करावं म्हणून. हॉलमधून काय उडून जाणार? पण हाताला सवय. त्याने तो नंबर असा वाचला, की मला वाटलं पाठ करतोय.

"हा… तू…"

"केक करायला घेतला होता," मी म्हणाले. "बिघडला."

पंख बसला. चपखल. डावीकडे निळा, उजवीकडे पिवळा. असं विमान चोरून उडवता येत नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं, आणि मिसेस पेलच्याही.

"हे कोणी बांधलं?"

रूफसने तोंड उघडलं. मला वाटलं, आता खोटं बोलणार. "दोघांनी," तो म्हणाला. "तीन भाग मी, एक भाग ब्रायोनीने. आणि तोच महत्त्वाचा."

मिसेस पेलनी बिस्किटांचा डबा खाली ठेवला.

"दोघांनी बांधलेलं फक्त घरच्या माणसांना चालतं," मिसेस पेल म्हणाल्या. "डेझमंड आणि त्याच्या बायकोने दोन मजली पंखांचं केलं होतं. वरचा त्याचा, खालचा तिचा."

"तेव्हापासून आम्ही त्या विषयावर बोलत नाही," डेझमंडने माहिती पुरवली.

"तुम्ही घरची माणसं आहात का?"

"अजून नाही," मी म्हणाले.

म्हणायचं होतं नुसतं 'नाही'. 'अजून' कुठून आलं कोण जाणे. ते सगळ्यांनी ऐकलं. डेझमंडनेसुद्धा, ज्याला एरवी फायर अलार्म ऐकू येत नाही.

मिसेस पेलनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि स्टॉपवॉच हातात घेतलं. "उडवा. आणि हे 'अजून' म्हणजे काय, ते विमान टेकायच्या आत ठरवून सांगा."

रबर पिळायला दोन माणसं लागतात. एकाने विमान पोटाशी धरायचं; दुसऱ्याने रबराचं टोक नाकातून लांबवर ओढून न्यायचं आणि हँडल फिरवत पीळ देत देत जवळ यायचं. पीळ वाढतो तसं अंतर कमी होतं. मी विमान धरून उभी होते. तो खोलीभर दूर होता… मग टेबलाएवढा दूर… मग त्याच्या कपाळावरचा घाम दिसू लागला.

"जास्त झालं तर?" त्याने हळूच विचारलं.

"तर रबर तुटतं आणि विमानाचं पोट फाटतं."

"आणि कमी झालं तर?"

"तर काहीच होत नाही."

तो आणखी दोन पावलं जवळ आला.

मग त्याने विमान माझ्या हातून घेतलं आणि हवेत ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. मी शिकवलं होतं तसं. निळं-पिवळं पस मॉथ निघालं, भिंतीआधी अलगद वळलं आणि पहिली फेरी पूर्ण झाली. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं. बाकीच्यांनी त्याचे हात धरले. वारा होतो.

"घड्याळ चालू आहे," मिसेस पेल म्हणाल्या.

"ब्रायोनी," रूफस वर बघतच म्हणाला, "पहिले दोन डावे चुकून झाले."

"आणि तिसरा?"

"मी बुटांच्या दुकानात काम करतो गं. डावं-उजवं मला डोळे मिटूनही कळतं."

विमान आमच्या डोक्यावरून गेलं. त्याची सावली आधी त्याच्या चेहऱ्यावरून गेली, मग माझ्या.

"मग चौथा कशाला केलास?"

"तू समजावताना हात करतेस ना… असे…" त्याने करून दाखवलं. फारच वाईट केलं. "ते अजून एकदा बघायचं होतं. विचारायला जमेना. पंख बनवणं सोपं वाटलं."

मी आयुष्यात एवढं वजन एका हाताने कधी उचललं नव्हतं. उचललं. त्याचा हात धरला. तेलकट होता.

"मिसेस पेल," मी म्हणाले, "'अजून' म्हणजे, आधी कॉफी. मग बघू. पण घरचीच धरा."

"धरलं," मिसेस पेल म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. विमान उतरण्याच्या बेतात नव्हतंच. ते चढत गेलं, छताच्या तुळईपाशी पोचलं, थोडा वेळ विचार केला… आणि तुळईवर बसलं. प्रोपेलर थांबला.

आमच्याकडे अशा वेळेसाठी लांब काठी आहे, टोकाला फुगा बांधलेली. डेझमंड ती घेऊन आला. "खाली काढू?"

"राहू दे," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी आवाज होता, चांगलाच वैतागलेला. एका बुटाच्या खोक्यात आपल्याला निळा पंख मिळाल्याचं ते गृहस्थ सांगत होते. त्यावर हा नंबर लिहिलेला आहे; हे काय आहे आणि आपले बूट कुठे आहेत?

मी रूफसकडे पाहिलं. "तुझ्या पंखावर माझा नंबर?"

त्याचे कान लाल झाले. "तुझ्या पिवळ्या विमानावरून घेतला. पत्त्याच्या जागी काय लिहायचं ते मिसेस पेलना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हरवलं तर ज्याच्याकडे परत जावंसं वाटेल त्याचा लिही."

मिसेस पेल बिस्किटं मोजण्यात गुंतल्या होत्या. बिस्किटं दोनच उरली होती.

पस मॉथ अजून तुळईवर आहे. दर गुरुवारी आम्ही आधी वर बघतो, मग एकमेकांकडे. क्लबच्या हिशेबी ते टेकलेलं नाही, म्हणजे उड्डाण चालू आहे. मिसेस पेलनी घड्याळ काही थांबवलेलं नाही.