कांजी दिलेला शर्ट

धडक माझ्याच चुकीनं झाली, पण सॉरी म्हणायच्या आधी मी त्यालाच झापलं — जिन्यात असं मधोमध कोण उभं राहतं? तोवर माझ्या बाटलीतलं आयोडीन त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडून काळंनिळं झालं होतं.

तो नुसता हसला. "कांजी दिलीय ना शर्टाला, म्हणून निळं पडलं."

भंवरकुआं भागातल्या आमच्या लॅबबाहेर हे कुणाला ठाऊक असेल असं मला वाटलंच नव्हतं. हा रघुवीर, छत्रीबागेतला. वडिलांची मिल बंद पडली तसा तो कापड रंगवणाऱ्या एका छोट्या प्रोसेस हाउसमध्ये लागला होता. विणताना सुताला कांजी लावतात, ती रंगवण्याआधी काढावी लागते, आणि ती काढणारं बाहेरचं एन्झाइम त्यांना परवडत नव्हतं. लॅबमध्ये काही मिळेल का, हेच विचारायला तो आला होता. मी नेमकी त्याच एन्झाइमच्या मागे होते! माझ्या बॅक्टेरियात मी एका जीनच्या जास्तीच्या प्रती घातल्या होत्या, कांजी खाणारं एन्झाइम त्यांनी भरभरून बनवावं म्हणून.

मग तो दर शनिवारी कापडाचे तुकडे घेऊन यायला लागला. माझं एन्झाइम लावून मी वर आयोडीन टाकायची, तुकडा निळा पडायचा, म्हणजे कांजी अजून शिल्लकच, आणि आम्ही कँटीनमध्ये पोहे खायचो. खरं सांगू... निळा पडला की मला बरंच वाटायचं. पुढचा शनिवार पक्का.

दिवाळीच्या तोंडावर मात्र तो म्हणाला, सुरतेहून नोकरी आलीय, इथं हे एन्झाइमचं जमलं नाही तर जावं लागेल. त्यानंतर राजेंद्र नगरच्या घरी मी फक्त झोपायला जायची. नवे बॅक्टेरिया तयार केले आणि कॅनभर एन्झाइम त्याच्याकडे धाडलं.

तो आला तो कोरा शर्ट घालून. "तुमच्या एन्झाइमनं धुतलेल्या पहिल्या ताग्यातून शिवलाय. टाका थेंब, वल्लरीजी."

मी बाहीवर थेंब टाकला. काळानिळा.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेला हा सुरतेला.

रघुवीरनं कॉलर चाचपली, कपाळावर हात मारला आणि खिशातून त्याच ताग्याची चिंधी काढली. तिच्यावर थेंब पिवळाच राहिला.

"आईनं शर्टाला कांजी दिली... अरे यार, मीच सकाळी बोलून बसलो."

"काय बोललात?"

"की आज एका मुलीला मागणी घालायला चाललोय —" तो कानापर्यंत लाल झाला. "आई म्हणाली, मग असा चुरगळलेला शर्ट घालून जाशील?"

मी दुसऱ्या बाहीवरही एक थेंब टाकला.

"अहो, हा कशाला?"

"डाग काढायला तुमच्या घरी यावं लागेल ना मला," मी म्हटलं. "एन्झाइम घेऊनच येते."