नंतर बघू

दुचाकी विकणाऱ्या सगळ्या डीलरांची सॉफ्टवेअरमध्ये गटवारी लावायचं काम गटवालीच्या गळ्यात पडलं होतं. हे नावही त्यामुळेच, ऑफिसातल्या टवाळांनी ठेवलेलं. चालू, ढिले, बंद करायचे असे गट तिने पाडले. हे गट ऑफिसपुरतेच, डीलरांना ते दिसत नसत. ज्यांचं काय करायचं ते सुचेना, त्यांच्यासाठी तिने आणखी एक गट केला: 'नंतर बघू'.

बाबांचं दुकानही तिने त्यातच ढकललं. खरं तर ते 'बंद करायचे'मध्ये जायला हवं होतं. पण आई गेल्यापासून बाबा त्या दुकानाच्याच आधाराने उभे होते. ते गेलं तर घर त्यांना खायला उठलं असतं. आणि येत्या रविवारी येते, येते म्हणत तिने कितीतरी रविवार घालवले होते. त्याची तिला मनातून लाज वाटायची.

जेवणाची सुट्टी संपली आणि एका डीलरचा फोन आला.

"मॅडम, मला त्या गटातून काढा ना."

"कुठल्या गटातून?"

"ते मला काय ठाऊक? बाकीचे डीलर दुकानात येऊन बसलेत. चहा घेत नाहीत, बोलत नाहीत. नुसते दाराकडे बघतात."

कुणीतरी आपली फिरकी घेतंय, असं तिला वाटलं. कोण कोण बसलंय ते तिने विचारलं आणि त्यातल्या एकाला फोन लावला. तो स्वतःच्याच दुकानात होता. त्याच्याकडेही मंडळी जमली होती, आणि पहिला डीलर त्यांच्यात बसला होता.

सगळी नावं 'नंतर बघू'मधलीच होती. तिने एकेकाला उचलून दुसऱ्या गटांत टाकायला सुरुवात केली. फोन येत राहिले. गेले, उठून गेले, एवढंच डीलर सांगत होते.

शेवटी बाबा उरले. तिने डोळे मिटून त्यांना 'चालू'मध्ये टाकलं.

'नंतर बघू' रिकामा झाला.

तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, मी बोलतेय. दुकानात आता कोण आहे?"

पलीकडे बाबा हसले. इतकं मोकळं हसू तिने फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"जरा नंतर करता का फोन?" ते म्हणाले. "मुलगी आलीय माझी. बोलत नाहीये, नुसती दाराकडे बघतेय. पण आलीय."