नवव्या स्लाइडची अकरा मिनिटं

"मॅडम, ह्याच्यासंगं एकेकाला भिंग पण वाटणार काय?"

काउंटरपलीकडचा तरुण माझ्या स्लाइडची प्रिंट उजेडाकडे धरून विचारत होता. चेहरा गंभीर... फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू.

पाटसच्या रस्त्यालगतचं हे 'बिरोबा डिजिटल'. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, झेरॉक्स. ऑफिसचा प्रिंटर बिघडला म्हणून त्या सोमवारी दुपारी मी इथे आले होते. दुकानासमोरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते. हवेत मळीचा गोड-आंबट वास होता.

"त्यात आकडे आहेत," मी म्हणाले. "सगळे आवश्यक आहेत."

"असतील की. पण दिसत न्हाईत." त्याने प्रिंट खाली ठेवली. "आमचा फ्लेक्स माणूस चालत्या मोटरसायकलवरनं वाचतो. तेवढ्यात कळला तर फ्लेक्स, न्हाई तर नुसतं कापड. किती स्लाइड हायेत?"

"सेहेचाळीस."

"आन् वेळ?"

"वीस मिनिटं."

त्याने प्रिंट पुन्हा उजेडाकडे धरली. बाहेर बाकावर बसलेले त्याचे आजोबा, आबा, म्हणाले, "शंभू, बाईंना आधी पाणी दे."

पाणी पिताना मी सगळं सांगून टाकलं. का, ते मला अजून नीट माहीत नाही. मी मृदाशास्त्र शिकलेली, एका संशोधन संस्थेत कामाला. जवळच्या गावात कालव्याच्या पाण्यावरची रानं खारवट होत चालली होती. जमिनीखालून छिद्रांचे पाइप टाकून तो खारटपणा धुऊन काढायचा, असा आमचा प्रयोग. वर्षभर मी माती तपासली होती. आता शुक्रवारी गावच्या पाणी संस्थेपुढे सादरीकरण होतं. त्यांनी चाळीस एकर जमीन दिली तर दोन वर्षं काम इथेच. नाही दिली तर सोमवारी मी पुण्याच्या प्रयोगशाळेत परत.

"म्हंजी शुक्रवारच्या वीस मिनिटांवर हाय सगळं," शंभू म्हणाला. मग खुर्ची पुढे सरकवली. "पेन ड्राइव्ह द्या."

मी सोमवारी नुसती बघत राहिले. मंगळवारीही गेले, म्हटलं, काम राहिलंय... बुधवारी ते कारणसुद्धा स्वतःला सांगितलं नाही.

त्याची नजर विलक्षण होती. मी पट्टी लावून मोजते ते तो नुसतं बघून सांगायचा. "हे शीर्षक जरा खाली गेलंय." मी तपासायचे, खरंच दोन मिलिमीटर खाली असायचं! त्याने अक्षरं मोठी केली, सातपैकी पाच रंग काढले, फिरत येणारी अक्षरं बंद केली. "ती वाढदिवसाला ठेवू," म्हणाला.

"हा तक्ता काढायचा नाही," मी हट्टाने म्हणाले. "यात बत्तीस नमुने आहेत."

"काढत न्हाई. मागं ठेवतो. कुणी विचारलं तर दाखवा." तो थांबला. "बत्तीस ठिकाणी तुम्ही स्वतः खड्डे घेतले?"

"प्रत्येक ठिकाणी तीन. वेगवेगळ्या खोलीवर."

"बाप रे..." तो हळूच म्हणाला आणि माझ्या हातांकडे बघू लागला. मी हात ओढणीखाली घेतले. नखांत माती होती. माझ्या खड्ड्यांचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

गुरुवारी चौदा स्लाइड उरल्या. मी सराव सुरू केला. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते. तुम्ही बोलत जायचं, प्रत्येक स्लाइडला किती वेळ लागला, हे ते मोजून ठेवतं. मी भराभर बोलत होते. शंभू समोर स्टुलावर बसून पाणी संस्थेचे अध्यक्ष मारुतराव झाला होता.

"बाई, जरा सावकाश!" त्याने आवाज जाड केला. "आमच्या पिढीला ऐकू कमी येतं."

मला हसू आवरेना. हसतहसतच मी नववी स्लाइड आणली. तिच्यावर एकही शब्द नव्हता. फक्त फोटो, वरून पांढरा थर फुटलेलं रान.

शंभूचा आवाज एकदम त्याचा स्वतःचा झाला.

"हे रान मला माहितीय. लहानपणी आबांच्या मागं मेंढरं घेऊन जायचो. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवायचे ना, तवा. ह्या रानात मेंढरं जागची हलायची न्हाईत. माती चाटत उभी राहायची. आबा मालकाला म्हणायचे, पाणी कमी दे, रान खारं व्हायला लागलंय. मालक हसायचा. वर तर ऊस हिरवागार हुता."

"कधीची गोष्ट?"

"वीस वर्षं झाली असतील."

माझ्या यंत्राने जे मागच्या वर्षी सांगितलं, ते मेंढ्यांनी वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी त्याला विचारत गेले. कुठली रानं, कुठल्या महिन्यात, बांधाच्या कुठल्या बाजूला. तो सांगत गेला. मग मेंढ्यांची नावं सांगू लागला, मग आबांची घोंगडी, मग शाळेच्या फळ्यावर तो रंगीत खडूने सुविचार लिहायचा ते... आणि मीही सांगितलं, पुण्यातल्या खोलीच्या खिडकीत मी चार गावांची माती चार बरण्यांत ठेवली आहे. तो हसला नाही. म्हणाला, "बघायला आवडंल."

पंखा फिरत होता. तो बघत होता, मी बघत होते... आणि पडद्यावर नववी स्लाइड तशीच उभी होती.

शेवटी घाईने उरलेल्या पाच स्लाइड मी संपवल्या. पडद्यावर प्रश्न आला: या वेळा जतन करायच्या का? मी 'हो' दाबलं. मोजलेला आकडा मी कधी टाकून देत नाही.

ती माझी चूक होती.

शुक्रवारी सकाळी गावच्या समाजमंदिरात साठेक माणसं जमली. शंभूने प्रोजेक्टर लावून दिला आणि आबांशेजारी मागे जाऊन बसला. मी सुरुवात केली. दुसऱ्या स्लाइडवर माझं वाक्य अर्धं झालं होतं... आणि स्लाइड आपोआप पुढे सरकली. तिसरीही तशीच गेली. कालच्या सरावाच्या वेळा! सॉफ्टवेअर त्या घड्याळाप्रमाणे स्लाइड पळवत होतं आणि ते बंद कसं करायचं, ते मला आठवेना.

"मॅडमपेक्षा पडद्यालाच घाई झालीया!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मारुतराव हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं.

आठवी गेली. नववी आली. ती आता जाईल, मग जाईल, म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले. ती गेली नाही.

मला कारण कळलं, आणि माझे कान तापले. मागे शंभूनेही एकदम मान खाली घातली.

मी रिमोट टेबलावर ठेवला.

"हे रान तुम्ही ओळखता," मी म्हणाले. "इथे मेंढरं माती चाटत उभी राहायची. का, ते आबांना विचारा. त्यांनी वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी फक्त ते मोजलंय."

सगळ्या माना मागे वळल्या. आबा काठी टेकून उठले. "व्हय. सांगितलं हुतं," एवढंच म्हणाले.

मग प्रश्न आले. पाइप किती खोल? धुतलेलं खारं पाणी कुठं जाणार? तवर ऊस लावायचा का न्हाई? मी एकेकाला सावकाश उत्तर दिलं. पडद्यावरचं पांढरं रान हललं नाही. ते पुढे सरकलं तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

मारुतराव उठले. "चाळीस एकर न्हाई देणार. दहा देऊ. पण पुरी दोन वर्षं. आन् आबांना संगं घेऊन फिरा."

सभागृह रिकामं झालं. शंभू प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता. मी लॅपटॉपवर सगळ्या स्लाइड एकत्र उघडल्या. प्रत्येकीखाली तिची वेळ होती. अडतीस सेकंद. एक्केचाळीस सेकंद. नववीखाली अकरा मिनिटं वीस सेकंद.

तो जवळ येऊन वाकला. "ही वेळ... काढून टाकू का?"

"नको," मी म्हणाले. मला आडून बोलता येत नाही. "शंभू, मला तुम्ही आवडता."

त्याच्या हातातली वायर थांबली. मग डोळ्यांच्या कोपऱ्यात ते सोमवारचं हसू आलं.

"एकाच नमुन्यावरनं ठरवलंत?"

"चार दुपारी. चार नमुने."

"मी तर पहिल्याच प्रिंटला ठरवलं हुतं, प्राची..." पहिल्यांदाच त्याने 'मॅडम' म्हटलं नाही. "म्हटलं, एवढं बारीक एवढं नीट लिहिणारी बाई पुन्हा भेटायची न्हाई."

दाराबाहेरून आबांचा आवाज आला, "शंभ्या, वायर गुंडाळतोयस का घोंगडं विणतोयस?"

वायर चार मीटरची होती. ती गुंडाळायला आम्हाला दोघांना किती वेळ लागला, ते मात्र मी मोजलं नाही.