अकरा नंबरचा राहिलेला फाऊल

कसल्याशा फॉर्मवर मंदार सरांची सही घ्यायला म्हणून स्पृहा कॉलेजच्या मैदानावर गेली, आणि एका माणसाला हवेत लटकलेलं पाहून जागच्या जागी थांबली. बास्केटबॉलच्या रिंगला तो एका हातानं लोंबकळत होता आणि दुसऱ्या हातानं नवी जाळी एकेका हुकात अडकवत होता. हात भरून आला की खाली उतरायचा, तळवा पॅन्टला पुसायचा, दोन पावलं घ्यायचा आणि — पुन्हा वर. दहा फूट उंच ती रिंग. हा आपला फळीवरचा डबा काढावा तसा जाऊन येत होता.

"शिडी नाही का?" तिनं विचारलं.

"हाय न. कुलपात हाय. किल्ली शिपाई काकाच्या खिशात, अन् काका लग्नाले गेले उमरखेडले." वरूनच उत्तर आलं. "मॅडम, जाळीचं ते टोक धरता काय जरा? पिळा पडून राह्यला."

तिनं धरलं. धरलं म्हणजे काय, मान वर करून, तोंड उघडं टाकून धरूनच राहिली. जाळी लागली, तो उतरला, तरी बाईसाहेबांचा हात तसाच वर.

"झालं," तो हसून म्हणाला. "आता हात खाली घेतला तरी चालते."

तो इंद्रजीत. राळेगावकडच्या एका तांड्यावरचा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत या चेंडूला हातही न लावलेला, आणि आता कॉलेजच्या संघाचा अकरा नंबर. मंदार सर संघाचे कोच. त्यांनी स्पृहाचा फॉर्म वाचला, सही राहिली बाजूला, आणि म्हणाले, "हे अक्षर तुझं? उद्यापासून स्कोअर लिहायला बस."

आता स्पृहाचं अक्षर म्हणजे विचारूच नका. आई-बाबा दोघंही सरकारी कचेरीत, घरात वाण्याची यादीसुद्धा समास सोडून लिहायची पद्धत. संपूर्ण हिवाळा ती टेबलाशी बसली. कुणी किती गुण केले, कुणाचा कितवा फाऊल, सगळं त्या कागदावर. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, आणि हे पाच मोजायचं, दर फाऊलला त्याच्या आकड्याची पाटी वर करायचं काम तिचं.

सामना संपला की इंद्रजीत टॉवेल गळ्यात टाकून टेबलाशी यायचाच.

"मायापुढं किती लिहिले?"

"बावीस. फाऊल तीन."

"तीनच? मले चार वाटले."

"कागदावर तीन आहेत."

"मंग तीनच. मॅडमचं चुकत नाही."

एकदा तिनं न राहवून विचारलंच, "एवढी उडी शिकलास कुठं?"

"शाळेच्या वाटंत नाला होता. पूल नव्हता."

"मग पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात शाळाच नव्हती न मॅडम..."

ती हसली, आणि रात्री जेवताना पुन्हा हसली, तेव्हा आईनं भाजीत काय पडलंय म्हणून वाकून पाहिलं.

तो उडाला की मैदानावर काहीतरी व्हायचं खरं. बाकीचे उडी मारून खाली यायचे. हा वर जाऊन क्षणभर तिथं राहायचा. देवळात घंटा वाजल्यावर होतं तसं तिच्या अंगभर काही होऊन जायचं. त्या हिवाळ्यात संघ एकही सामना हरला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा कॉलेज अंतिम सामन्यात आलं, समोर अमरावतीचा संघ, आणि तोही आपल्याच मैदानावर. इंद्रजीतची आई, मानीबाई, तांड्याच्या बोलीत त्याची याडी, एसटीनं आली आणि पदर सावरून पहिल्या रांगेत बसली.

तिसऱ्या डावात समोरच्या उंच गड्यानं चेंडू फेकला आणि इंद्रजीत टेबलाच्या अगदी पुढ्यात उठला. वर, आणखी वर... कलत्या उन्हात तो पसरलेला हात, ताणलेली बोटं. माणूस असा जाऊ शकतो? इतका वर?

खेळ पुढं सरकला. शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा आपण तीन गुणांनी पुढं होतो. तेवढ्यात शिट्टी वाजली, अकरा नंबरचा फाऊल. तिनं लिहिला आणि चारची पाटी वर केली.

चार? तिनं कागद पाहिला. मग तिसऱ्या डावातली ती उडी आठवली, उडीनंतरची शिट्टीही आठवली. पंचांनी टेबलाकडं येऊन अकरा दाखवलं होतं, तिनं मानही डोलावली होती. लिहिलं मात्र काहीच नव्हतं.

म्हणजे पाच झाले होते.

कुणालाच माहीत नव्हतं. ती गप्प बसली असती तर करंडक कॉलेजात आला असता, मंदार सर नाचले असते, आणि तो... एवढं खरं खेळणाऱ्या माणसाच्या नावावर खोटा सामना लिहायचा? तिनं बेल दाबली.

"सर, अकरा नंबरचा एक फाऊल लिहायचा राहिला. चूक माझी आहे. पाच झालेत."

मंदार सरांचा चेहरा पडला. पंच काही विचारणार, तोच इंद्रजीतनं हात वर केला. "बराबर हाय सर. पाच झाले." आणि तो शांतपणे चालत बाहेर जाऊन बसला. स्पृहाला वाटलं, ही त्याची सगळ्यात उंच उडी.

एका गुणानं हरलो आपण. पोरं तिच्याकडं न बघता निघून गेली. मंदार सर तेवढं म्हणाले, "कागद जमा कर." तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही, समोर तो टॉवेलवाला येऊन उभा राहीपर्यंत.

"तुला माहीत होतं पाच झाले ते?" तिनं विचारलं. "मग बोलला का नाहीस?"

"मीबी मोजून राह्यलो होतो. पण पाटीवर चार दिसले. म्हटलं, मॅडमचं चुकत नाही, आपलंच चुकलं असन."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पण एक सांगा," तो हळूच म्हणाला. "हिवाळाभर एक टिंब चुकलं नाही तुमचं. मंग तोच एक कसा राह्यला?"

"ऊन... डोळ्यावर ऊन येत होतं."

"टेबल तं सावलीत होतं."

तिनं पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. तो वाट पाहत राहिला. आता लपवायचं तरी कुठं, आणि किती?

"तुझ्याकडं बघत होते," ती म्हणाली. "तू वर गेलास, आणि मी... मी लिहायचंच विसरले."

दहा फुटांवरच्या रिंगला सहज पोचणारा तो गडी जमिनीला खिळला. कानापर्यंत लाल झाला, टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला, मग घसा साफ केला.

"मंग पुढच्या सीझनले टेबलावर दुसरं कोणी बसवा लागन."

"हो," ती कशीबशी म्हणाली.

"अन् तू," — पहिल्यांदाच तो तू म्हणाला — "तू तिकडं बस, माया याडीजवळ. पाह्य, जेवढं पाहाचं तेवढं. तिथं काही लिहा लागत नाही."