रोलमधली उरलेली फ्रेम

माझा मेव्हणा रोलच्या कॅमेऱ्याचा भक्त. माझ्या डिजिटलला तो खेळणं म्हणतो. "भावोजी, एका पक्ष्याचे ढीगभर फोटो काढायचे आणि त्यातला एक निवडायचा, ही काय फोटोग्राफी झाली?" रोजच्या वादाला बायको वैतागली. "एकदाचा सोक्षमोक्ष लावा," म्हणाली.

मग सकाळी तळ्यावर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावले. वाळक्या फांदीवर खंड्या बसला, निळाशार, चोचीत मासा. दोघांनी एकदम बटण दाबलं.

घरी आलो तेव्हा त्याच्या रोलमध्ये एक फ्रेम उरली होती. उरलेली फ्रेम समोर दिसेल त्याच्यावर संपवायची आणि मगच रोल धुवायचा, ही त्याची जुनी खोड. बायको व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर मटार सोलत होती. "ताई, हस!" ती हसली. सवयीने मीही एक काढला.

माझ्या फोटोत खंड्याचं पीस न् पीस दिसत होतं. त्याच्या फोटोत नुसती फांदी होती आणि तिला अडकलेली लाल प्लास्टिकची चिंधी. चिंधी तिथे नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

त्याच्या शेवटच्या फोटोत खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या हातावर अर्धवट विणलेला करडा स्वेटर, सुया खोचलेल्या, बाही एकच.

"मला गायब केलंस होय रे?" बायको पोट धरून हसली. "आणि मला साधा टाका घालता येत नाही!"

रोल जुना असेल, असं मेव्हणा काहीबाही सांगत राहिला. मी त्याची यथेच्छ टर उडवली.

पुढच्या खेपेला तळ्यावर खंड्या आलाच नाही. फांदीला लाल चिंधी फडफडत होती. मेव्हण्याने खिशातला फोटो काढून समोर धरला. चिंधीचा पीळसुद्धा तोच होता.

"भावोजी, ताईला सांगायचं?"

"काय सांगणार?"

घरी आलो तर तिच्या मांडीवर करडी लोकर. "शेजारच्या काकू शिकवतायत. तुझ्यासाठीच विणतेय."

डॉक्टरांना दाखवलं. तब्येत ठणठणीत. मी सुया लपवल्या, तिने काकूंच्या आणल्या. मी उगाचच भांडलो. ती रडली, आणि डोळे पुसून पुन्हा विणायला बसली. स्वेटर रोज वाढत होता आणि मला काहीच करता येत नव्हतं. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं.

आज दुपारी ती म्हणाली, "हात पुढे कर बघू."

बाही मनगटापर्यंत बरोबर आली.

"झाली एक. दुसरी चहा झाल्यावर घेते."

तिने सुया खोचल्या, स्वेटर खुर्चीच्या हातावर ठेवला आणि ती आत गेली.

मी तिला हाक मारली.

मग पुन्हा मारली.