तीन लिटरचं अंतर

सम्यकची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या हातात प्रेशर कुकर होता.

सप्टेंबरातली सकाळ, साडेपाच वाजलेले, शीळफाटा. भाऊने सगळ्यांना इथे बोलावलेलं, कारण ही जागा ठाण्याला, कल्याणला आणि डोंबिवलीला सारखीच गैरसोयीची आहे. भाऊ नौपाड्याचा, आमच्या ग्रुपचा म्होरक्या. चार बाइक, सहा माणसं आणि स्पितीच्या डोंगरांपर्यंतचा दोन हजार किलोमीटर रस्ता त्याने एका कागदावर बसवलेला आणि तो कागद लॅमिनेट करून आणलेला.

खरं तर माझ्या जागी माझा मावसभाऊ स्वानंद जाणार होता. पण आदल्या आठवड्यात तो सोफ्यावरून पडला आणि पाय मोडून घेतला. सोफा जमिनीपासून दीड फूट आहे. घरात त्या विषयावर कुणी बोलत नाही.

स्वानंदचं काम सोपं होतं. जाताना सम्यकच्या मागे बसायचं आणि येताना सम्यकची बाइक परत आणायची. कारण सम्यक परत येणार नव्हता. स्पितीतल्या एका गावात शाळेचे वर्ग उन्हाच्या उष्णतेवर गरम ठेवायचं काम त्याने घेतलेलं. बर्फ पडलं की त्या गावाचा रस्ता बंद होतो तो थेट मेमध्ये उघडतो. गावाचं नाव सांगत नाही. मला ते अजून नीट उच्चारता येत नाही.

म्हणजे ज्या मुलाच्या मागे मी बसणार होते, त्याला सोडून यायलाच मला नेत होते. हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. तरीही पुढे जे झालं त्याला मी स्वानंदच्या सोफ्याला जबाबदार धरते.

"स्वानंद तूच?" सम्यकने विचारलं.

"हो. दाढी कालच काढली."

तो हसला नाही. मला नीट बघून म्हणाला, "बरी दिसतेस. हा कुकर धर."

"का?"

"आईने दिलाय. तिकडे उंचीवर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. बॅगेत मावेना, आणि बांधला तर आंबिवलीपासून इथपर्यंत नुसता खडखडत होता."

तर त्याच्या आईचा, म्हणजे शालनकाकूंचा, तो कुकर मी आमच्या मध्ये धरून बसले. धुळं गेलं, इंदूर गेलं, जयपूर गेलं... आमच्यात कायम तीन लिटरचं अंतर. समोर त्याची पाठ आणि पाठीवर जॅकेटची अक्षरं: आंबिवली चषक, उपविजेता.

"कुणाकडून हरलात?" मी चहाला थांबल्यावर विचारलं.

"आंबिवलीकडूनच. दोनच टीम होत्या."

मला वाटतं, मी तिथेच कामातून गेले.

हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून भाऊच्या कागदावर थापांची यादी होती. मागच्याने पुढच्याच्या पाठीवर मारायच्या. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मागचे दिसेनासे झाले. चौथ्या ओळीवर लॅमिनेशनचा बुडबुडा आलेला, खाली काहीच नव्हतं.

"भाऊ, चार म्हणजे काय?"

"चार नाहीच्चे. चार कुणी मारायच्या नाहीत!" भाऊ असा ओरडला की मला त्या चार थापांची ओढच लागली.

मनालीच्या पुढे झाडं संपली. मग रेंज संपली. मग रस्ताही संपला आणि आम्ही नुसत्या गोट्यांवरून, ओढ्यांतून बाइक हाकायला लागलो. भाऊने माझ्याकडचा कुकर काढून घेऊन स्वतःच्या बाइकवर बांधला. "मुली, दोन्ही हातांनी धरून बस. पडशील."

आता मध्ये काहीच नव्हतं. मी इस्त्रीच्या फळीसारखी ताठ बसले. पहिल्या ओढ्यात फळी मोडली आणि माझं हेल्मेट त्याच्या खांद्यावर आपटलं. दुसऱ्या ओढ्यात मी ते उचललंच नाही.

पाणी बर्फाचं होतं. माझे मोजे भिजले, हातमोजे भिजले. सम्यकने अचानक बाइक थांबवली, बॅगेतून स्वतःचे कोरडे हातमोजे काढले आणि माझ्या हातांत घातले — एकेक बोट नीट बसवून.

"मी दोन थापा मारल्या नव्हत्या," मी म्हटलं.

"तुझे हात थरथरत होते. यादीत नाही... पण कळतं."

पुढे खिंडीखालच्या एका तंबूत चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मे म्हणजे किती महिने?"

"आठ."

"फोन?"

"गावात एका दगडावर रेंज येते म्हणे."

"एकाच?"

"एकाच. रांग असते."

त्या दुपारी खिंड चढताना माझा हात वर गेला. एक... दोन... तीन... आणि हिंमत संपली. त्याने ब्रेक मारला, मागे वळून बघितलं. मागचे सगळे रांगेत उभे, भाऊ कुकरसकट.

"दिसतायत की सगळे!"

"चुकून लागल्या."

"चुकून तीन? का चार मारणार होतीस?"

"चार यादीत नाही."

"म्हणूनच विचारतोय."

भाऊने हॉर्न वाजवला. भाऊचा हॉर्न माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट आवाज आहे.

शेवटच्या दिवशी सम्यकने चावी माझ्या हातात ठेवली. "उद्यापासून तूच चालवणार. गावापर्यंत चालव, मी मागे बसतो." कुकर त्याने मागे दोरीने आवळून बांधला.

सहा किलोमीटर. एका वळणावर एक थाप पडली. मी हळू केली. मग बराच वेळ काहीच नाही. गाव दिसलं, शाळेचं निळं छप्पर दिसलं, आणि माझ्या पाठीवर एक थाप पडली. मग दुसरी. तिसरी. मग इतका वेळ गेला की मी श्वास सोडून दिला...

चौथी.

चालवणाऱ्याने मागे बघायचं नाही, असं कागदावर लिहिलेलं. मी बघितलं नाही. हेल्मेटची काच आतून पुसता येत नाही, हा त्या हेल्मेटचा फार मोठा दोष आहे.

"कळलं?" उतरल्यावर त्याने विचारलं.

"यादीत नाही ना ते."

"मग मेमध्ये भाऊला यादी दुरुस्त करायला लावू." तो कुकरची दोरी सोडत राहिला. गाठ केव्हाच सुटली होती. "बाइक दर रविवारी चालू कर. बॅटरी उतरते."

"आणि माझी उतरली तर?"

तो पहिल्यांदाच हसला. पण डोळे हसले नाहीत. "दगडावर रांगेत पहिला उभा राहीन."

आता जानेवारी आहे. दर रविवारी मी डोंबिवलीत त्याची बाइक काढते आणि आई भाजीला मागे बसते. दगडावर त्याचा नंबर दहा-बारा दिवसांतून एकदा लागतो. अर्धा वेळ वाऱ्याचाच आवाज येतो. तोही मी पूर्ण ऐकते.

आज बाजारात आईने माझ्या पाठीवर धडाधड थापा मारल्या. चार.

मी जागच्या जागी ब्रेक मारला. मागचा रिक्षावाला काय बोलला ते इथे लिहीत नाही.

"काय झालं?"

"मटार गं! ताजे दिसतायत."

"आई, थांबायला दोन मारायच्या, किती वेळा सांगितलं. चार नाही मारायच्या."

"का? चार कुणाच्या आहेत?"

मी बाइकचा आरसा नीट केला. आईने दोन किलो मटार घेतले, पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि पुन्हा मागे बसली. सोसायटीच्या गेटशी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी फोन लागला की विचार त्याला, डाळ नीट शिजते का."

मी गाडी जरा जोरातच आत घातली असावी. पाठीवर आईची एक थाप पडली. एकच.

मी हळू केली. मे अजून लांब होता.