सहावं डोकं

संग्रहालयातल्या दुरुस्तीच्या खोलीत तिचं टेबल खिडकीशी होतं. त्या आठवड्यात त्यावर तांब्याचा एक कोरीव पत्रा आला. त्यावर कोरलेला एक सरदार: एक हात कंबरेवर, दुसरा तलवारीच्या मुठीवर, मांडीपर्यंत बूट, पायाशी शिकारी कुत्रा. फक्त डोकं घासून काढलेलं.

"जुन्या लोकांची काटकसर," संग्रहपाल म्हणाले. "एक सरदार गेला की त्याचं तोंड घासायचं, नव्याचं कोरायचं. एकाच धडावर पाच जण मिरवून गेलेत. मुंडकी बदलली, रुबाब तोच!"

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. घरी तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. एके काळी लोखंडी कपाट एकट्यानं उचलणारा माणूस आता चमचा धरताना घामाघूम व्हायचा. "मी आता कसला पुरुष," म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायचा. संध्याकाळी ती त्याचं तोंड पुसायची. त्याच्या वाकड्या नाकावर टॉवेल अडला की दोघांना हसू यायचं. दिवसातलं तेवढंच हसू.

जेवणाच्या सुट्टीत तिनं पर्समधला त्याचा छोटा फोटो त्या रिकाम्या जागी ठेवून पाहिला. बरोब्बर बसला. एवढं धड ह्यांना मिळालं असतं तर, असं मनात आलं. कामाच्या गडबडीत फोटो तिथेच राहिला.

सकाळी फोटो कोरा होता. तांब्यावर मात्र वाकडं नाक, भुवईवरचा व्रण, सगळं बारीक रेघांत उतरलेलं. संध्याकाळी नवरा दारात उभा होता. ताठ, एक हात कंबरेवर.

"अहो, पडाल!"

"अगं, पडतोय कसला! बघ तरी."

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मग कारण कशाला विचारायचं? नऊ दिवस ती घरी जाताना जवळजवळ पळत जायची.

दहाव्या दिवशी दुपारी संग्रहपालांनी पत्रा उजेडात धरला. "बाई, हे डोकं नुकतंच कुणी घासलंय का हो?"

टेबलावर तांब्याचा बारीक भुगा पडला होता.

ती तशीच घरी धावली.

तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. हात कंबरेवर. खांदे रुंद.

"अहो."

त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिनं टॉवेल घेतला आणि मागूनच, सवयीनं, त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला.

टॉवेल कुठेच अडला नाही.